नोकरी गेल्यावर ईएसआयसीचा बेकारी भत्ता कसा मिळाला (माझा अनुभव)

चाकणला एका छोट्या कंपनीत होतो, ऑर्डरी कमी झाल्या तसं आमच्या अख्ख्या शिफ्टला घरी बसवलं. पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विम्याचा हप्ता, तो चालवणारं महामंडळ म्हणजे ईएसआयसी) कापला जात असेल तर 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना' म्हणून एक प्रकार आहे, रोजच्या सरासरी पगाराच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस, म्हणजे १८ हजार पगार धरला तर साधारण २७ हजार. फार नाही, पण घरभाडं निघतं.

माझं घोडं अडलं ते एकाच ठिकाणी. एचआर म्हणत होता राजीनामा लिहून दे, फुल अँड फायनल (शेवटचा हिशेब) लवकर करतो. मी दिला नाही, कारण आपणहून सोडली असं कागदावर आलं की क्लेमचं अवघड होतं. तरी पट्ठ्याने ईएसआयसीच्या पोर्टलवर माझ्या नावासमोर 'लेफ्ट सर्व्हिस' (म्हणजे नोकरी सोडली) टाकून ठेवलेलं! मग मेलवर मेल टाकले, कामावरून कमी केल्याचं पत्र लेखी मागितलं, आणि ईएसआयसीच्या शाखा कार्यालयातल्या मॅडमना ते पत्र दाखवल्यावर त्यांनीच सांगितलं की कंपनीकडून कारण बदलून 'रिट्रेंचमेंट' (कामगारकपात) करून घ्या. झालं एकदाचं.

पुढचं सोपं. ईएसआयसीच्या साइटवर आपल्या लॉगिनने क्लेम भरायचा, आधार आणि पासबुक जोडायचं, कंपनीची सही लागत नाही, २०२० पासून क्लेम थेट शाखेत जातो. नोकरी जाऊन ३० दिवस झाले की भरता येतो. पैसे डायरेक्ट खात्यात आले. आणि हो, भत्ता चालू असताना ईएसआयचा दवाखानापण चालू राहतो, आईची बीपीची गोळी तिथूनच आणली.