घर रिकामं झालं की न जेवणाऱ्या कुत्र्याला एकटं राहण्याची सवय कशी लावावी

आखाजीला (अक्षय तृतीयेला) घर माहेरवाशिणींनी, पोराबाळांनी भरलेलं असतं. जूनमध्ये शाळा उघडतात, घराला दिवसभर कुलूप लागतं आणि कुत्रा दार ओरबाडू लागतो. ताटलीतलं अन्न तसंच राहतं, पण माणसं परतली की तेच एका दमात संपतं. हे लाड नव्हेत. घाबरलेल्या कुत्र्याची भूकच मरते, म्हणून भीती आणि जेवण दोन्हींकडे एकत्रच बघावं लागतं.

आधी मोबाईल लपवून व्हिडिओ घ्या. तुम्ही गेल्यावर अर्ध्या तासाच्या आतच रडणं, दाराशी येरझाऱ्या, लाळ गळणं, घरात लघवी दिसली तर ती बहुधा एकटं पडण्याची भीती. निवांत झोपून उठल्यावर चप्पल चावणारा कुत्रा बहुतेकदा कंटाळलेला असतो. त्याला जास्त फिरवा.

जेवण दिवसातून दोनदा, ठरल्या वेळी. १५-२० मिनिटांत खाल्लं नाही तर ताटली उचला. पाणी कायम असू द्या. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा कुत्रा कमीच खातो. पहाटे आणि दिवस मावळल्यावर वाढा. भरीत किंवा शेवभाजीचा रस्सा चुकूनही नको. कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, शिजवल्यानेही ते विष जात नाही आणि लक्षणं काही दिवसांनी दिसतात. द्राक्षं, मनुकाही वर्ज्य. नुसत्या दूध-भाकरीत प्रथिनं अपुरी पडतात; बिनमिठाच्या कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरीसोबत उकडलेलं अंडं किंवा हाडं काढलेली कोंबडी द्या. खाणं बदलायचं तर आठवडाभरात हळूहळू.

आता मुख्य काम. किल्ली उचला, चप्पल घाला आणि घरातच बसा. किल्लीच्या आवाजाला कुत्रा दचकेनासा होईपर्यंत हे रोज अनेकदा करा. मग दाराबाहेर १० सेकंद, ३० सेकंद, १ मिनिट, ५ मिनिटं. मधूनमधून पुन्हा कमी वेळ ठेवा. तो कण्हू लागण्याआधी परत या. कण्हलाच तर पुढच्या वेळी निम्म्या वेळावर या. पहिली ३०-४० मिनिटं गाठायला काही आठवडे लागू शकतात, पुढे वेळ भराभर वाढवता येते.

बहुतेकांचं इथेच बिनसतं: सकाळी २ मिनिटांचा सराव आणि मग ८ तास कुलूप. त्याने सगळी मेहनत वाया जाते. सराव चालू असेपर्यंत आजी-आजोबा किंवा शेजारी, कुणीतरी त्याच्याजवळ हवंच.

निघताना पसरट ताटलीत गोठवलेला बिनमिठाचा दहीभात ठेवा. चाटण्याने कुत्रा शांत होतो, उन्हाळ्यात गारवाही मिळतो. परतल्यावर ताटली बघा. दहीभात तसाच असेल तर तुम्ही त्याला झेपेल त्याहून जास्त वेळ बाहेर राहिलात. रागावू नका, मारू नका; तुमच्या येण्याचीही धास्ती बसते. घाबरलेल्याला पिंजऱ्यात कोंडलं तर तो दात-नखं मोडून घेऊ शकतो.

मोठा कुत्रा २४ तास, पिल्लू १२ तास जेवलं नाही तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. भीती फार असेल तर पशुवैद्य फ्लुओक्सेटिन किंवा क्लोमिप्रामिन देतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे जातात, तोवर सराव चालूच ठेवा. माणसांची गोळी स्वतःहून देऊ नका.