महागाईचा सरकारी आकडा आणि आपला घरखर्च

दर महिन्याच्या १२ तारखेच्या सुमारास राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय ग्राहक किंमत निर्देशांक, म्हणजे सर्वसाधारण कुटुंब घेते त्या वस्तू आणि सेवांच्या भावपातळीचा आकडा, जाहीर करते आणि त्याच संध्याकाळी बातम्यांत ‘महागाई घटली’ किंवा ‘महागाई भडकली’ असा मथळा येतो. मंडईतून भाजीची पिशवी घेऊन घरी परतलेल्या माणसाला तो अनेकदा पटत नाही आणि सरकारी आकडेवारीवरचा त्याचा विश्वासच उडतो. मला याचे वाईट वाटते, कारण थोडे कष्ट घेऊन वाचली तर हीच आकडेवारी घरखर्चाचा हिशेब समजून घ्यायला फार उपयोगी पडते.

पहिली सवय अशी लावून घ्यावी की बातमीतला टक्का वाचून थांबू नये, त्यामागचा निर्देशांक पाहावा. देशाचा एकत्रित (ग्रामीण आणि शहरी मिळून) निर्देशांक, २०१२ हे पायाभूत, म्हणजे तुलनेचे मूळ वर्ष १०० धरून, जुलै २०२२ मध्ये १७३.४ होता आणि जुलै २०२३ मध्ये तो १८६.३ झाला. दोन्हींतील फरक १२.९, त्याला १७३.४ ने भागून शंभराने गुणले की ७.४४ टक्के येतात आणि तोच त्या महिन्याचा महागाईचा दर. टोमॅटोचे भाव अस्मानाला भिडले होते, तो हाच महिना. पुढच्या वर्षी, जुलै २०२४ मध्ये, निर्देशांक १९३.० वर गेला, म्हणजे वाढ ३.६ टक्क्यांची झाली, आणि ‘महागाई निम्म्यावर’ असे म्हणायला जागा मिळाली. पण १८६.३ वरून १९३.० वर जाणे म्हणजे स्वस्ताई नव्हे. आदल्या वर्षी चढलेले एकूण भाव खाली आले नव्हते. ते आणखी वर गेले होते, फक्त चढण्याचा वेग मंदावला होता. शिवाय तुलनेचा आदल्या वर्षीचा महिनाच फार महाग असल्यामुळे नवी वाढ टक्केवारीत लहान दिसते. म्हणून एका वर्षाच्या दराबरोबर दोन-तीन वर्षांपूर्वीच्या त्याच महिन्याचा निर्देशांक नेहमी शेजारी ठेवावा. तुलना त्याच महिन्याशी करावी, कारण पावसाळ्यात भाजी महागते ती दरवर्षीच.

यानंतर पाहायचे ते भारांक. निर्देशांकात प्रत्येक वस्तूला सारखे वजन नसते. सर्वसाधारण कुटुंबाच्या खर्चात तिचा जितका वाटा, तितका तिचा भार. २०१२ च्या मालिकेत खाद्यपदार्थ आणि पेये यांचा एकत्रित भार ४५.८६ टक्के होता. ग्रामीण भागासाठी तो ५४.१८, तर शहरी भागासाठी ३६.२९. घरभाड्याचा समावेश असलेल्या निवास या गटाला शहरात २१.६७ टक्के भार होता आणि ग्रामीण निर्देशांकात हा गटच नव्हता. पुण्यात भाड्याच्या घरात राहणारे कुटुंब आणि सांगोल्याजवळच्या गावात स्वतःच्या घरात राहणारे कुटुंब यांची महागाई एकच असणे शक्यच नाही, हे या दोन ओळींवरून कळते. म्हणून आपण राहतो त्याप्रमाणे ग्रामीण किंवा शहरी निर्देशांक घ्यावा, आणि राज्यनिहाय आकडे मिळत असल्याने महाराष्ट्राचे किंवा गोव्याचे आकडेही पाहावेत.

आता स्वतःच्या घराचा दर काढू या. गेल्या वर्षीच्या खर्चाची वही, बँकेचा तपशील आणि वाण्याची बिले घेऊन बसावे आणि खर्चाचे चार-पाच गट करावेत. समजा, कुटुंबाचा खर्च महिना ४०,००० रुपये होता: किराणा, दूध आणि भाजी १४,०००, घरभाडे १२,०००, मुलांचे शिक्षण ६,००० आणि बाकी सगळे ८,०००. म्हणजे आपले भारांक अनुक्रमे ३५, ३०, १५ आणि २० टक्के झाले. प्रत्येक गटाचा वार्षिक दर सरकारी तक्त्यातून घ्यावा. भाड्याचा मात्र आपल्या करारातूनच घ्यावा, कारण अकरा महिन्यांचा करार संपताना घरमालकाने वाढवलेले दहा टक्के सरासरीत दिसणार नाहीत. समजुतीसाठी खाद्यपदार्थ २, भाडे १०, शिक्षण ५ आणि इतर ३ टक्क्यांनी वाढले असे धरले, तर ०.७०, ३.००, ०.७५ आणि ०.६० मिळून ५.०५ टक्के होतात. अन्नधान्य स्वस्त असलेल्या वर्षातही या घराला ओढाताण का जाणवते, याचे उत्तर या बेरजेतल्या एकट्या भाड्याच्या आकड्यात आहे.

पायाभूत वर्ष बदलले की जुना आणि नवा निर्देशांक सरळ ताडून पाहू नये. जानेवारी २०२६ पासूनचे आकडे २०२४ पायाभूत वर्षाच्या नव्या मालिकेत येतात. महागाई भत्त्यासाठी वापरला जाणारा औद्योगिक कामगारांचा निर्देशांक तर वेगळाच असून तो श्रम ब्युरो काढते. २०१६ पायाभूत वर्षाच्या त्या मालिकेला आधीच्या २००१ च्या मालिकेशी जोडताना २.८८ ने गुणावे लागते.

कुटुंबे कशावर किती खर्च करतात हे मोजणारे सरकारचे घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षण वाचतानाही एक चूक हमखास होते. २०२३-२४ च्या सर्वेक्षणात महिन्याचा सरासरी खर्च ग्रामीण भागात ४,१२२ आणि शहरी भागात ६,९९६ रुपये आला, तेव्हा ‘एवढ्यात घर चालते का?’ असे अनेकांना वाटेल. पण हा आकडा माणशी आहे. चौघांच्या शहरी कुटुंबासाठी तो २७,९८४ रुपये होतो. त्यात स्वतःच्या घरात राहणाऱ्यांचे मानीव भाडे, म्हणजे तेच घर भाड्याने घेतले असते तर द्यावे लागले असते ते भाडे, धरलेले नाही, त्यामुळे भाडेकरूने या सरासरीशी तुलना करताना आधी आपले भाडे बाजूला काढावे.

हाच हिशेब आपण दुसऱ्याला देतो त्या पैशालाही लावावा, असे मला मनापासून वाटते. घरकामाला येणाऱ्या ताईंना जुलै २०२२ मध्ये ३,००० रुपये देत असू, तर ३,००० ला १९३.० ने गुणून १७३.४ ने भागावे. जुलै २०२४ मध्ये तेवढ्याच वस्तू घेण्यासाठी त्यांना सुमारे ३,३४० रुपये लागत होते. पगार ३,२०० केला असेल, तर आपण वाढ दिली असे आपल्याला वाटते, पण प्रत्यक्षात त्यांचा पगार घटलेला असतो. त्यांच्या खर्चात अन्नाचा वाटा आपल्यापेक्षा मोठा असल्यामुळे हे गणित खाद्यपदार्थांच्या निर्देशांकावर पुन्हा एकदा करावे, आणि दोन्हींतून येणारी मोठी रक्कम द्यावी.