पहिलं मिग मशीन घेताय? या चुका टाळा

मिग म्हणजे रिळावरची तार आपोआप पुढे ढकलत तीच वितळवून जोड भरणारं वेल्डिंग मशीन. त्यावर पुढे मोठ्या अक्षरांत '२००' (अँपिअर) छापलेलं असतं आणि नवखा माणूस त्याच आकड्यावर सौदा करून मोकळा होतो. खरी माहिती असते मागच्या बारीक अक्षरांच्या प्लेटवर. पैसे द्यायच्या आधी ती वाचा, मोबाइलवर फोटो काढा आणि घरी येऊन शांतपणे पाहा.

अँपिअरवर जाऊ नका, ड्यूटी सायकल बघा

प्लेटवर २०० अँपिअरखाली २० टक्के लिहिलं असेल, तर १० मिनिटांतली २ मिनिटंच त्या करंटवर काम करता येतं, उरलेली ८ मिनिटं मशीन थंड होऊ द्यायचं. असं मशीन न थांबता चालवायचं तर साधारण ९० अँपिअरच मिळतात. शिवाय हे आकडे ४० अंश तापमान धरून दिलेले असतात. मे महिन्यात विदर्भात पत्र्याच्या शेडखाली काम करत असाल तर मशीन त्याआधीच ट्रिप होणार, आणि तो मशीनचा दोष नाही.

याहून मोठी चूक विजेची. २०० अँपिअरला मशीनमधून साधारण ४८०० वॅट बाहेर पडतात. आतली गळती आणि पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटपैकी कामी येणारा हिस्सा) धरला तर साध्या इन्व्हर्टर मशीनला सिंगल फेजवर ३० अँपिअरच्या वर लागतात. घरातला मोठा सॉकेट १६ अँपिअरचा. त्यावर तुम्हाला प्रत्यक्षात ११० अँपिअरच्या आसपासच वेल्डिंग करता येईल. गेट, ग्रिल, टेबल, २-३ मिलिमीटरचं एम.एस. (साधं लोखंड) यांना तेवढं पुरतं. मग न वापरता येणाऱ्या ९० अँपिअरचे पैसे कशाला मोजायचे? तेच हेल्मेट, रेग्युलेटर आणि चांगल्या केबलला लावा. एक्स्टेन्शन लांब असेल तर ४ स्क्वेअर मिलिमीटरची वायर घ्या आणि गुंडाळी पूर्ण सोडून वापरा. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं, तेव्हा मशीन किती व्होल्टपर्यंत चालतं हेही विचारून घ्या.

विकणारा 'गॅस लागत नाही' म्हणतो, त्याचा पूर्ण अर्थ समजून घ्या

वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवायला गॅस लागतो. गॅसशिवाय चालते ती फ्लक्स, म्हणजे तेच काम करणारी पूड, आत भरलेली तार. शेतात, गच्चीवर, वाऱ्यात तिला तोड नाही. पण ती साध्या तारेपेक्षा महाग असते, धूर जास्त करते, वर स्लॅग (खरवडून काढायची खपली) सोडते आणि पातळ पाइपला सहज भोक पाडते. शेडमध्ये १६ गेजच्या चौकोनी पाइपचं काम असेल तर ०.८ मिलिमीटरची सॉलिड (साधी, भरीव) तार आणि गॅस हेच बरं. काही स्वस्त मशीनांना मागे गॅसची नळी जोडायची सोयच नसते आणि पोलॅरिटीही बदलता येत नाही. सॉलिड तारेला टॉर्च (हातात धरायचा भाग, ज्यातून तार बाहेर येते) प्लसवर लागतो, गॅसविना चालणाऱ्या तारेला मायनसवर. ही अदलाबदल करता येत नसेल तर ते मशीन घेऊ नका.

गॅसमध्ये सीओटू स्वस्त, पण छिटे जास्त उडतात. आर्गन-सीओटू मिश्रणाने झाळ (वेल्डची रेघ) सुबक येते, खर्च वाढतो. शिकायला सीओटू चालतो. मात्र आपल्या भागात सिलिंडर कोण भरून देतो, डिपॉझिट किती, हे मशीनच्या आधी ठरवा. आणि सीओटूच्या गेजवर विसंबू नका. आत द्रव असतो, तो संपेपर्यंत दाब फारसा उतरत नाही. सिलिंडर किती भरलाय ते वजन करूनच कळतं.

तार कुठे अडते

फीडर (रोलरने तार पुढे ढकलणारा भाग) धातूचा आहे का, टॉर्च सुटा निघतो का, ५ किंवा १५ किलोची रीळ बसते का, एवढं तरी पाहाच. फक्त १ किलोची रीळ घेणाऱ्या मशीनवर तार किलोमागे महाग पडते. कोकणात पावसाळ्यात रीळ उघडी ठेवली की तारेवर गंज चढतो, तो लायनरमध्ये (टॉर्चच्या केबलमधल्या, तार जाते त्या नळीत) साचतो आणि तार झटके देत येते. काम संपलं की रीळ पिशवीत बंद करा.

रोलरपाशी तारेचा गुंता होत असेल तर दाब वाढवू नका. आधी रोलरची खाच तारेच्या मापाची आहे का बघा. मग टॉर्चचं तोंड कोरड्या लाकडाच्या तुकड्यावर जवळ धरून ट्रिगर दाबा: तार अडली की रोलर घसरला पाहिजे, तेवढाच दाब योग्य.

झाळीत बारीक भोकं पडत असतील तर पंखा बंद करा, गंज आणि रंग घासून काढा, गॅस मिनिटाला १०-१२ लिटर ठेवा. झाळ पत्र्यावर नुसती फुगून बसत असेल तर व्होल्टेज कमी आहे किंवा अर्थिंगचा क्लॅम्प रंगावर लावलाय. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप असेल तर जस्ताचा थर जोडापासून दूरपर्यंत ग्राइंड करूनच वेल्ड करा. तो धूर अंगात गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो.

अ‍ॅल्युमिनियमचा विचार पहिल्या मशीनवर सोडून द्या.

दुकानात जाताना आपल्या कामाच्या पाइपचे दोन तुकडे घेऊन जा. ते तिथेच जोडून घ्या, मग जोड हॅक्सॉने आडवा कापून बघा, धातू आतपर्यंत एकजीव झालाय का. विकणारा कंटाळा करत असेल तर दुसरं दुकान गाठा.