टेकडीवर ओरिएंटियरिंग: सहावी-सातवीच्या मुलांची पहिली खेप

हातात नकाशा घेऊन, त्यावर दाखवलेली ठिकाणं शोधत पळायचं, एवढाच हा खेळ. चाळीस मुलं, पाच मोठी माणसं आणि साधारण ४०० × ३०० मीटरची जागा पहिल्या खेपेला पुरते. शाळेचं मैदान आणि त्याला लागून असलेली टेकडी सगळ्यात सोयीची. ती वनखात्याची असेल तर आधी लेखी परवानगी घ्या. डिसेंबर ते फेब्रुवारीतली सकाळ धरा. पाऊस संपल्या संपल्या गेलात तर गवतात पायवाटा हरवतात आणि सापाची धास्ती असते.

खरं काम नकाशाचं. सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० चा नकाशा इथे कुचकामी, कारण त्यावर ही अख्खी जागा आठ मिलिमीटर लांब! १:२,५०० घ्या, म्हणजे १ सेंटिमीटरला २५ मीटर. जागा १६ × १२ सेंटिमीटरमध्ये बसते, ए-फोर कागद भरपूर झाला. ओपनस्ट्रीटमॅप या इंटरनेटवरच्या मोफत नकाशावरून कच्चा आराखडा काढा आणि तो घेऊन सगळी जागा पायी फिरा. कुंपणातलं भगदाड, झाडाखालची टाकी वरून दिसत नाही. मुलांना नेमकी तीच दिसते. कठडा नसलेली विहीर, खाणीची कड, आग्या मोहोळ नकाशावर लाल रेघांनी बंद करा आणि जागेवर फीतही बांधा. छापताना ‘फिट टू पेज’ राहिलं की प्रमाण बिघडतं. म्हणून कोपऱ्यात १०० मीटरची, म्हणजे ४ सेंटिमीटरची रेघ काढून ठेवा आणि छापून आल्यावर फूटपट्टीने मोजा.

नकाशावर सुरुवातीला त्रिकोण, कंट्रोलला, म्हणजे शोधायच्या ठिकाणाला, वर्तुळ, शेवटाला दुहेरी वर्तुळ. कंट्रोलचा झेंडा ३० × ३० सेंटिमीटरचा, तिरका दुभागलेला, अर्धा पांढरा अर्धा नारिंगी. घरी कापडाचा शिवता येतो. त्यावरचे क्रमांक ३१ पासून द्या. १, २, ३ दिलेत की मुलं त्यालाच क्रम समजतात आणि भलत्याच झेंड्याकडे धावतात. झेंडा लपवायचा नसतो. वाटेचा फाटा, बांधाचा कोपरा, एकटं झाड अशी नकाशावर असलेली खूण निवडा. वर्तुळाचा मध्य बरोबर त्या खुणेवर आला पाहिजे. खूण सापडली की झेंडा दिसायलाच हवा, नाहीतर हा नुसता लपाछपीचा डाव होतो. पुराव्यासाठी प्रत्येक झेंड्याला वेगळ्या रंगाची पेन्सिल दोरीने बांधा. उतारावर बॉलपेन उलटं धरून लिहायला गेलं की उठत नाही.

पहिल्या दिवशी ‘तारा’ खेळवा: जोडीने एका कंट्रोलवर जायचं, कार्डावर रंग उमटवून परत यायचं, मग पुढचा. दहा कंट्रोल आणि वीस जोड्या, म्हणजे एकेका कंट्रोलला एका वेळी दोनच. दर पाच-सात मिनिटांनी प्रत्येक जोडी डोळ्यांसमोर येते आणि चुकली तर तिथेच दुरुस्त करता येते. बहुतेक जण एकाच ठिकाणी चुकतात: अक्षरं सुलटी दिसावीत म्हणून नकाशा सरळ धरतात. आपण वळलो की नकाशाही वळला पाहिजे, त्यातली उत्तर कायम खऱ्या उत्तरेकडे. आपण जिथे आहोत तिथे अंगठा ठेवा आणि पुढे सरकाल तसा तोही सरकवा.

होकायंत्र म्हणताना सांभाळा, मुलांसाठी ‘कंपास’ म्हणजे दप्तरातली पेटी. तिच्या झाकणात लोहचुंबक असेल तर सुई तिकडेच वळते. मोबाइल आणि लोखंडी कुंपणही सुईला भुलवतात.

निघताना आणि परतताना एकाच माणसाने एकाच वहीत खूण करायची. प्रत्येक जोडीला शिट्टी द्या: अडचण आली तर मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा. वाट चुकलात तर उताराने खाली डांबरी रस्त्यावर येऊन थांबा, हे निघण्याआधी मुलांकडून वदवून घ्या; अर्थात तसा रस्ता खरंच खाली आहे याची खात्री करून. साडेदहाला खेळ बंद म्हणजे बंद, कार्ड अर्धं असलं तरी परत यायचं.

वहीत शेवटच्या जोडीची खूण पडेपर्यंत एकही झेंडा काढू नका. मागे राहिलेली जोडी अजून त्याच झेंड्याच्या शोधात फिरत असते.