गाठी मुळावर, पण हुकूम पानातून: चवळीच्या मागे काढलेली दोन वर्षं

माझा एमएस्सीचा पहिला प्रयोग आमच्या काकाने ओंजळभर युरियात आटोपला. भात कापून झाल्यावर खाचरात ओल होती तेवढ्यात मी चवळीच्या सहा ओळी लावल्या होत्या, पोरगी रोज येऊन वाकून बघते आणि रोपं तर पिवळट दिसतायत म्हणून त्याने मायेने कडेच्या दोन ओळींना खत मारलं, आणि मला सांगितलं आठ दिवसांनी! मी रडकुंडीला आले, पण गाइड म्हणाले त्या ओळी फेकू नको, त्याही काढ आणि मोज. मोजल्या तर बाकीच्या ओळींत मुळं गाठींनी लगडलेली आणि युरियावाल्या ओळींत कुठेतरी मोहरीएवढे चार-पाच दाणे. तिथून पुढे माझा विषयच बदलला. मुळावरच्या या गाठींत राहणारे जिवाणू हवेतलं नत्र झाडाला देतात हे शाळेत सगळ्यांनीच घोकलेलं असतं, पण किती गाठी होऊ द्यायच्या हे ठरवतं कोण, तर झाड. ते कसं ठरवतं यावर काम करायचं असेल तर हे वाचा.

आधी हिशोब डोक्यात बसवा. हवेतल्या नायट्रोजनचा एक रेणू फोडून अमोनिया करायला निदान 16 एटीपी (पेशीतली ऊर्जेची सुट्टी नाणी म्हणा) लागतात आणि ते सगळं पानात तयार झालेल्या साखरेतून येतं. म्हणजे गाठी हे झाडाच्या घरात ठेवलेले पगारी गडी आहेत. जमिनीत नायट्रेट आयतं मिळालं (युरियाचं मातीत शेवटी तेच होतं) की झाड नवीन भरती थांबवतं, आणि खत नसलं तरी ठरावीक गाठी झाल्या की थांबवतंच.

आता गंमत. 1985 साली ऑस्ट्रेलियात कॅरोल, मॅकनील आणि ग्रेशॉफ यांनी ब्रॅग जातीच्या सोयाबीनमधून अशी म्युटंट (म्हणजे जीनमध्ये बदल झालेली) झाडं काढली की भरपूर नायट्रेट असूनही त्यांना गाठी येतच राहतात, आणि त्यातल्या काहींना तर साध्या झाडाच्या कितीतरी पट. हे वाचून मला वाटलं वा, मग अशीच जात लावायची! पण ती झाडं खुरटतात, सगळी साखर गड्यांच्या पगारात जाते ना. नंतर त्या झाडांची कलमं केली गेली. म्युटंटचा शेंडा साध्या मुळावर बांधला तर गाठी बेसुमार, आणि साधा शेंडा म्युटंटच्या मुळावर बांधला तर गाठी बेतात. आमच्या घरी तीन पिढ्या हापूसची कलमं बांधतात, रायवळच्या खुंटावर हापूसची काडी बसवली की आंबा हापूसचाच लागतो हे मला चड्डीत असल्यापासून ठाऊक, त्यामुळे जो पेपर वर्गात सगळ्यांना डोक्यावरून गेला तो मला एका झटक्यात कळला. गाठी मुळावर, पण त्यांची संख्या वरून ठरते.

मधली साखळी थोडक्यात: पहिल्या गाठी धरायला लागल्या की मुळात सीएलई नावाचे छोटे पेप्टाइड (प्रथिनाचे तुकडे) तयार होतात, ते पाण्याबरोबर झायलममधून, म्हणजे पाणी वर नेणाऱ्या नळ्यांतून, पानात जातात, तिथे एक रिसेप्टर (निरोप ओळखणारं प्रथिन) त्यांना ओळखतो, आणि मग वरून खाली निरोप जातो की आता बस. त्या निरोपातला एक भाग म्हणजे एमआयआर2111 हा मायक्रोआरएनए (दुसऱ्या जीनचं काम दाबणारा इवलासा आरएनए), तो एरवी पानातून मुळाकडे जाऊन गाठींना मोकळीक देत असतो, त्याचाच पुरवठा कमी होतो. नवख्यांचा घोळ नावांत होतो. लोटसमध्ये (कमळ नव्हे, प्रयोगशाळेत वापरतात ते एक शेंगवर्गीय रोप) तो रिसेप्टर हार1, सोयाबीनमध्ये नार्क, मेडिकॅगो या तशाच दुसऱ्या रोपात सन. मी महिनाभर तीन वेगळे जीन समजून तीन वेगळ्या नोट्स काढत होते 😅 तिघं एकच काम करणारे भाऊ आहेत.

आता हाताच्या कामाबद्दल, कारण बहुतेकांचा डेटा तिथेच मरतो. रोप कधीही उपटू नका, अर्ध्या गाठी मातीत राहतात. खुरप्याने ढेकळासकट काढा, बादलीत भिजत ठेवा, मग हळू धुवा, आमच्या जांभ्याच्या मातीत तर खडे इतके की घाई केली की मूळ तुटलंच. सूत्रकृमीच्या (मुळात शिरणाऱ्या बारीक कृमींच्या) गाठींना फसू नका: ती मुळाचीच सूज असते, जिवाणूंची गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते आणि बोटाने सुटते. प्रत्येक झाडाच्या काही गाठी ब्लेडने कापून बघा. आत गुलाबी असेल तर लेगहीमोग्लोबिन (गाठीतलं, रक्तातल्या हिमोग्लोबिनसारखं प्रथिन) आहे, काम चालू आहे, हिरवट म्हणजे म्हातारी, पांढरी म्हणजे कोवळी नाहीतर आळशी. नुसता आकडा लिहून आणलात तर गाइड परत पाठवतील, मला दोनदा पाठवलं.

गाठीतले जिवाणू प्रयोगशाळेत प्लेटवर वाढवताना धीर धरा. चवळी-कुळथाचे जिवाणू बहुतेक ब्रॅडीरायझोबियम या सावकाश वाढणाऱ्या गटातले, यीस्ट-मॅनिटॉल या खाद्याच्या प्लेटवर दिसायलाच आठवडा घेतात, आणि मी तिसऱ्या दिवशी ज्या टपोऱ्या कॉलनी बघून स्टेटस टाकलं होतं ते कंटॅमिनेशन निघालं. कांगो रेड घाला, आपले जिवाणू तो रंग फारसा पीत नाहीत. गाठ निर्जंतुक केल्यावर शेवटच्या धुतलेल्या पाण्याचीही एक प्लेट लावा, त्यावर काही उगवलं तर सगळं पहिल्यापासून.

करिअरचं म्हणाल तर खोटं सांगत नाही, फक्त या विषयावर नोकरी अशी नसते. जिवाणू खताच्या युनिटमध्ये क्यूसी (मालाची गुणवत्ता तपासणं), कृषी विद्यापीठातल्या प्रोजेक्टवर जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलो), नाहीतर नेट ही पात्रता परीक्षा काढून पीएचडी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची लायब्ररी कशी वापरता येईल ते आधी विचारून घ्या. आणि मॉलिक्युलर करायचंय म्हणून शेत टाळू नका, मुलाखतीत मला आरएनएवर एक प्रश्न आला आणि युरियाच्या त्या दोन ओळींवर वीस मिनिटं.

यंदा कुळीथ लावतेय. बियाणं जास्तीचं आणून कपाटात कुलपात ठेवलंय, गेल्या खेपेला आईने अर्ध्याची पिठी दळून आणली होती.