एका थराचं मॅग्नेट रामनने कसं बघायचं

टूडी मॅग्नेट (अणूंच्या एक-दोन थरांचं चुंबक) म्हटलं की सगळ्यांना क्रोमियम ट्रायआयोडाइडच हवं असतं, २०१७ मध्ये त्याचा एकच थरसुद्धा फेरोमॅग्नेट असतो, म्हणजे सगळे स्पिन (अणूंची इवली चुंबकं) एकाच दिशेला, हे कळलं म्हणून. पण शिकायला ते घेऊ नका राव. हवेत लगेच खराब होतं, ग्लव्हबॉक्स (हवा आत न येणारी बंद पेटी) लागतो, आणि एका थराचं क्युरी तापमान, ज्याच्या वर चुंबकपण जातं, ४५ केल्व्हिन, म्हणजे हेलियमचा खर्च आलाच. त्यापेक्षा एफईपीएस३ (लोह, फॉस्फरस, गंधक यांचं थराथरांचं क्रिस्टल) घ्या, नील तापमान (अँटीफेरोमॅग्नेटचं तसंच तापमान) साधारण ११८ केल्व्हिन, लिक्विड नायट्रोजनवर भागतं. शिवाय हे अँटीफेरोमॅग्नेट, उलटसुलट स्पिन एकमेकांना रद्द करतात, एवढ्याशा फ्लेकवर (सोललेल्या पातळ तुकड्यावर) मॅग्नेटोमीटरला काही मिळत नाही, तिथे रामनच कामाला येतं, म्हणजे लेझर टाकायचा आणि विखुरलेल्या प्रकाशाचा रंग किती सरकला ते मोजायचं.

क्रिस्टल टेपने सोलून २८५ नॅनोमीटर ऑक्साइडवाल्या सिलिकॉनवर टाका, मायक्रोस्कोपखाली फिकट फ्लेक शोधा, जाडी एएफएमने (बारीक सुईने उंची मोजणाऱ्या मायक्रोस्कोपने) बघा. सिलिकॉनच्या ५२० च्या पीकवर कॅलिब्रेट करा (पीकचे सगळे आकडे वेव्हनंबरमध्ये, म्हणजे प्रति सेंटीमीटर). लेझर ५३२ नॅनोमीटरचा चालतो, फक्त फिल्टर असा हवा की ८० च्या आसपासचंही दिसेल, सगळी गंमत तिथेच आहे.

आता पॉवर. इथेच बहुतेकांचा डेटा वाया जातो. स्पॉट एखाद-दोन मायक्रॉनचा, थर एवढा पातळ, क्रायोस्टॅट (थंड करायचं यंत्र) ८० केल्व्हिन दाखवतो आणि फ्लेक भलत्याच तापमानाला असतो. १०० मायक्रोवॅटच्या खालीच राहा, मग पॉवर निम्मी करून तोच स्पेक्ट्रम परत घ्या, पीक सरकला तर तुम्ही फ्लेक भाजताय. स्टोक्स आणि अँटी-स्टोक्सच्या (लेझरपेक्षा कमी आणि जास्त ऊर्जेच्या बाजूच्या पीकच्या) गुणोत्तरावरून खरं तापमानही काढता येतं, ते काढाच.

आधी रूम टेंपरेचरचा स्पेक्ट्रम घ्या. १०० जवळ एक पसरट उंचवटा दिसेल. मग थंड करत या, ११८ केल्व्हिनच्या आजूबाजूला पावलं बारीक ठेवा. खाली गेलात की त्या उंचवट्याच्या जागी ८८ आणि ९५ ला टोकदार पीक उभे राहतात. कारण असं की स्पिन ओळीने लागले की मॅग्नेटिक युनिट सेल (परत परत येणारा सगळ्यात लहान तुकडा) क्रिस्टलच्या सेलपेक्षा मोठा होतो, ब्रिल्वाँ झोन (लहरींच्या तरंगसंख्यांचा नकाशा) घडी पडून लहान होतो, आणि काठावरचे फोनॉन (अणूंची कंपनं) जे एरवी रामनला दिसत नाहीत ते मध्यभागी येऊन दिसायला लागतात. २०१६ मध्ये मोनोलेयरची (एकाच थराची) ऑर्डर, म्हणजे स्पिनची शिस्तीची रचना, अशीच पकडली होती.

कमी तापमानाला १२२ चा पीक मात्र मॅग्नॉनचा (स्पिनच्या लाटेचा). खात्री करायची तर मॅग्नेटिक फील्ड लावा, त्याचे दोन होतात, प्रत्येक टेस्लाला जवळपास ०.९ वर आणि तेवढंच खाली. फोनॉन असा फुटत नाही.

हे जमलं की एनआयपीएस३ (लोहाच्या जागी निकेल) कडे वळा. त्यात ५३० च्या आसपास दोन मॅग्नॉनचा रुंद डोंगर असतो आणि ५६० जवळचा फोनॉन त्याच्याशी गुंतून वाकडा होतो, त्याला लॉरेंझियन (दोन्ही बाजूंनी सारखा आकार) नाही, फॅनो (एका बाजूला कललेला आकार) फिट लावा. मोनोलेयरमध्ये तर ऑर्डर दबूनच जाते. पातळ फ्लेकवर सिलिकॉनचा ५२० नेमका त्याच डोंगरात घुसतो, म्हणून शेजारच्या रिकाम्या सबस्ट्रेटचा स्पेक्ट्रम त्याच सेटिंगवर घेऊन वजा करा, मगच फिटला हात लावा.