आधी फोटो उलटा करा

दक्षिण आफ्रिकेतल्या केप किंवा नाताळ या जुन्या ब्रिटिश वसाहतींतल्या घराण्याचा जुना फोटो हाती आला की चेहऱ्यांकडे नंतर बघा, आधी तो उलटा करा. मागे बहुतेकदा स्टुडिओचं नाव-गाव छापलेलं असतं. गाव किंबर्ली असेल तर निम्मं काम झालंच! हे नावच 1873 मध्ये पडलं, म्हणजे तो छापील पुठ्ठा त्याआधीचा नाही.

मग, घराणं केपचं असेल तर, केप टाउनच्या अभिलेखागारात ‘डेथ नोटीस’ शोधा, म्हणजे मृत्यूनंतर बहुतेकदा नातेवाइकाने भरून दिलेला माहितीचा कागद. मृत्यूचा दाखला वेगळा. केपमध्ये 1834 पासूनच्या या कागदावर जन्मस्थान, आईवडील, जोडीदार, मुलं असं सगळं एकत्र सापडतं. फक्त खाली सही कोणाची ते पाहा. जावयाने भरलेला असेल तर सासूच्या आईवडिलांची नावं ताडूनच घ्या.